नवी पेठेतला वाकलेला गळा

डोकं नसलेला, खांद्यांपाशीच संपलेला मी एक जुना लाकडी गळा आहे. हसू नका, मित्रांनो. सोलापूरच्या नवी पेठेत, रुद्रप्पांच्या चांदीच्या दुकानात, काचेमागे मी बरीच वर्षे दागिने घालून उभा होतो.

माझा जन्म बाभळीच्या खोडातून झाला. येडू सुताराने मला तासले आणि माप घेतले ते रुद्रप्पांच्या आईचे, शिवबाईंचे. त्यांचा गळा ताठ, म्हणून मीही ताठ. वर काळी मखमल चढली. बायका थांबून म्हणत, "किती शोभतंय!" त्या दागिन्याला म्हणत, पण मी ते स्वतःकडे घेत असे.

एकाहत्तर साली भूलक्ष्मी आली. तेलंगणातल्या तिच्या गावचे हातमाग बंद पडले, तेव्हा ती नवऱ्यामागोमाग सोलापुरात आली. नवरा यंत्रमागावर लागला. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण बोटे विणकराच्या घरातली. तिने मारलेली गाठ शोधून सापडायची नाही. सकाळी ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि दुपारी आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून तुटलेल्या माळा गाठवायची. काम नसले की कोळशाने फरशीवर नक्षी काढायची. संध्याकाळी झाडताना ती पुसली जायची. दुसऱ्या दिवशी ही बाई पुन्हा काढायची!

एकदा तिच्या शेजारणीची माळ कांड्या भरताना चाकात अडकली. माळ तुटली आणि मानेवर लाल वळ उठला. ती माळ गाठवता गाठवता भूलक्ष्मीने दोरा खाली ठेवला. दोन वर्षांत ती मराठी शिकली होती. उठून सरळ रुद्रप्पांपुढे उभी राहिली.

"मालक, मी नवा नमुना करते. बाई वाकली तरी लोंबणार न्हाय असा."

"त्याला ठुशी हाय की."

"ठुशी गळा धरती. कारखान्यात घाम, वर कापसाची धूळ. तुमी घालून बघा एकदा."

दुकानातले सगळे हसले. रुद्रप्पाही हसले आणि थोडी चांदी देऊन बसले. पण अट घातली, "गड्ड्याच्या यात्रेपर्यंत काचेत ठेवू. न्हाय गेलं तर मुशीत वितळवायचं. मग नक्षीबिक्षी बंद. गप पायरीवर बसायचं."

तिने चादरीच्या किनारीसारखी चपटी पाने दोन दोऱ्यांत ओवली. मागच्या गोंड्यात एक जड मणी घातला, म्हणजे माळ पुढे घसरू नये. माझ्या गळ्यात घातली, तर काय, अगदी साधी दिसली. तेव्हा तिने माझ्या बुडाखाली मागून एक पाचर ठोकली. मी पुढे वाकलो, पण माळ जागची हलली नाही. लाजेने माझी मखमलसुद्धा काळी पडली असती, पण ती आधीच काळी होती.

आत चटईवर बसलेल्या शिवबाई कडाडल्या, "अय्यो! माझा गळा वाकवलीस? मी जन्मात कुणापुढं वाकले न्हाय!"

"खरं हाय अव्वा," भूलक्ष्मी म्हणाली. "मग भाकरी उभ्यानं थापता व्हय?"

शिवबाईंनी पदर सावरला. "ऱ्हाऊ दे तसाच," म्हणाल्या. "पण यात्रेपर्यंतच."

यात्रेला माणसे लोटली. बायका माझ्यापुढे थांबत, कुजबुजत, निघून जात. भूलक्ष्मी पायरीवरून एकेकीचा चेहरा बघायची. शेवटच्या दिवशी दुपारी रुद्रप्पांनी मुशीसाठी भट्टी पेटवायला सांगितली. तेवढ्यात सूतगिरणीत काम करणारी चांगुणा जोडवी घ्यायला आली आणि काचेपाशीच अडली.

"ह्या गळ्याला काय झालंय ओ? माज्यावानी का वाकलाय?"

भूलक्ष्मीने माळ काढून तिच्या हातात दिली. चांगुणाने ती घातली, दुकानातच खाली बसली, फरशीला कपाळ टेकेपर्यंत वाकली. दोनदा मान झटकली.

"आगं, हितंच ऱ्हातीया की!" ती ओरडली. "जोडवी ऱ्हाऊ द्या मालक. ह्येच द्या."

दिवे लागेपर्यंत गिरणीतल्या तिच्या पाळीतल्या आणखी बायका तीच माळ मागत आल्या.

रुद्रप्पा खुशीत म्हणाले, "झ्याक! आता सोनार असल्याच माळा करत बसतील. तू गाठव की पायरीवर."

"न्हाय मालक," ती म्हणाली. "नमुना माझा हाय. पुढचाबी मीच काढणार, आत बसून."

उत्तराची वाट न बघता तिने चपला पायरीवर काढल्या, मला बगलेत मारले आणि आत येऊन बसली. शिवबाईंनी स्वतःची चटई थोडी बाजूला ओढली. तेव्हापासून त्या दुकानाचे नमुने भूलक्ष्मीच काढते.

आता काचेमागे पांढरेशुभ्र प्लास्टरचे गळे आले आहेत. माझी मखमल कसरीने खाल्ली. मी माळ्यावर असतो, नवा नमुना झाला की तेवढा खाली उतरतो. बाकी वर्षभर धूळ.

कुणी ती पुसली तर बरे वाटेल, मित्रांनो. पण त्याहून मोठे मागणे आहे. आईसाठी कधी काही घ्याल, तर ती आरशापुढे नटून उभी असताना तिच्याकडे बघून घेऊ नका. ती फरशी पुसत असेल, पीठ मळत असेल, तेव्हा जवळ जाऊन बसा आणि नीट बघा.