किमान आठ

दोघी जावा एकाच बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत. थोरलीने तिथे केस पांढरे केले होते. धाकटी लग्न होऊन घरात आली, नि वर्षाच्या आत प्रयोगशाळेतही आली. तेव्हापासून थोरलीला जेवण गोड लागेना. घरी सासूबाई "धाकटीच्या हाताला चव आहे" म्हणत, इथे साहेब "धाकट्या बाईंना विचारा" म्हणत.

टोमॅटोच्या नव्या बियाण्याच्या चाचण्या धाकटीने घेतल्या. शंभरातलं नव्वद बी उगवलं. साहेबांना दहा बियांच्या पाकिटावर 'किमान आठ उगवतील' असं छापायचं होतं.

"असं किती पाकिटांत खरं ठरेल?" त्यांनी विचारलं. धाकटीने तोंड उघडायच्या आत थोरली म्हणाली, "मी काढते."

स्प्रेडशीटमधलं शक्यता काढायचं सूत्र, 'बायनॉम डिस्ट', तिने एकदाच, धाकटीच्या खांद्यावरून पाहिलं होतं. आठ, दहा, शून्य पूर्णांक नऊ, शेवटी फॉल्स. उत्तर आलं एकोणीस टक्के. नव्वद टक्के उगवणाऱ्या बियाण्याची शंभरातली जेमतेम एकोणीस पाकिटं खरी ठरावीत, हे कुणालाही खटकलं असतं. पण थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. खटकायला जागाच नव्हती.

"बघ गं तुझं बियाणं," तिने स्क्रीन वळवली. "साहेबांना काय तोंड दाखवणार?"

धाकटीचा चेहरा उतरला. मग ती खाली वाकली, ओळ वाचली नि हळूच म्हणाली, "ताई, फॉल्स घातलं की बरोबर आठच उगवण्याची शक्यता येते. नऊ नि दहावाली पाकिटं सुटली." तिने ओळ बदलली. एकातून वजा, सात, शेवटी ट्रू. स्क्रीनवर त्र्याण्णव टक्के आले.

तेवढ्यात साहेब आत आले. "झालं का?"

"त्र्याण्णव," धाकटी म्हणाली. "ताईंनी काढलं."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक दाखवली ती दाखवली, वर झाकलीही! आता जन्मभर हिचे उपकार वागवायचे?

"मी एकोणीस काढले होते," ती ठणकावून म्हणाली. "चूक हिने धरली."

"वा, धाकट्या बाई!" साहेब खूश झाले. "आणि वर तुमचं नाव पुढे केलं. सोन्यासारखी जाऊ मिळाली हो तुम्हाला."

थोरलीने दातांवर दात दाबले. करायला गेले एक नि झालं भलतंच.

संध्याकाळी धाकटीच्या स्कूटरवर मागे बसून ती घरी निघाली. मग सिग्नलला तिला राहवेना.

"सातच का घातलंस? आठ का नाही?"

"सात किंवा त्याहून कमी उगवल्या, तर पाकिटावरचं खोटं ठरतं ना? ट्रू घातलं की त्या सगळ्या शक्यतांची बेरीज मिळते. ती एकातून वजा केली, की उरलं ते खरं."

थोरलीला पटकन समजलं. इतकं सोपं निघावं, याचाही तिला राग आला.

"उद्या काकडीचं मी काढणार," ती म्हणाली. "तू बघायला यायचं नाही."

"बरं, ताई."

"आणि मी हाक मारली, तर मात्र लगेच ये."