काकूंनी कापलेलं वाक्य

सकाळचा चहा जन्मभर मी करीन, असं काका लग्नात माईक हातात घेऊन भर सभागृहात म्हणाले होते. बावीस वर्षं काकू हे सांगत होत्या आणि बावीस वर्षं काका कानांवर हात ठेवत होते. परवा तर पुतणीसमोर म्हणाले, "पुरावा दाखव, उद्यापासून करतो." काकूंच्या जिव्हारी लागलं. चहा गेला खड्ड्यात, पण आपण खोटारड्या?

पुरावा लग्नाच्या डीव्हीडीत होता. पण व्हिडिओवाल्या पठ्ठ्याने भाषणांवर व्हायोलिन ओतून ठेवलेलं. काका नुसतेच ओठ हलवताना दिसायचे.

पुतणीने काकूंच्या कॉम्प्युटरवर एक फुकटचा प्रोग्रॅम टाकून दिला. "यात डीव्हीडीतला आवाज वेगळा काढता येतो, काकू."

काकूंनी शिवायला आलेले ब्लाऊज बाजूला सारले आणि डिस्क घातली. बघतात तर काय, चित्र एक आणि आवाजाचे ट्रॅक दोन! पहिला व्हायोलिनचा. दुसऱ्यावर टिचकी मारून त्यांनी एमपीथ्री काढली, हेडफोन चढवला. थेट माईकवरचा आवाज! काका स्वच्छ म्हणत होते, "सकाळचा चहा जन्मभर मी करीन."

"सापडला चोर!" काकू ओरडल्याच.

तेवढ्यात हेडफोनमध्ये नवरी, म्हणजे बावीस वर्षांपूर्वीच्या काकूच, लाडात येऊन म्हणाली, "आणि यांच्या रेडिओंना मी कधी हात लावणार नाही!"

काकूंनी झटकन हेडफोन उतरवला. काका रेडिओ दुरुस्त करायचे. त्यातले चार काकूंनी भंगारात घातले होते आणि माळ्यावरच्या शेवटच्या दोन रेडिओंसाठी भंगारवाला उद्या येणार होता.

पण काकू शिंपीणबाई. मापात कापणं हातातलंच. त्याच प्रोग्रॅममध्ये त्यांनी काकांच्या वाक्यापाशी कात्री चालवली आणि संध्याकाळी तेवढंच मोठ्या आवाजात ऐकवलं.

काका मान खाली घालून हसले. "पुढचं कापलंस वाटतं?"

"पुढे काही नव्हतंच मुळी!"

"रेडिओचं होतं की."

काकूंचा चेहरा पडला. "अहो, आठवत होतं, तर मी रेडिओ विकताना एकदा तरी बोलायचंत!"

"बोललो असतो, तर चहा नसता का करावा लागला?"

दुसऱ्या दिवशी काकूंना जाग आली ती कपबशीच्या आवाजाने. त्यांनी आधी भंगारवाल्याला फोन लावला, येऊ नको म्हणून सांगितलं, आणि मगच चहाला हात लावला. चहात साखर नव्हती. काकूंनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.