जवळ्याच्या वासाची बॅग

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, चामड्याची बॅग आहे. माझे एक कुलूप बिघडले आहे, मूठ दोनदा बदलली आहे आणि फार जवळ आलात तर तुम्ही नाक मुरडाल, कारण मला सुक्या जवळ्याचा वास येतो. मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

तीस वर्षांपूर्वी धारावीत हौसेराव नावाच्या कारागिराने मला शिवले. मला विकत घेतले ते कमळीने. बेलापूरच्या खाडीकाठी दिवाळे गाव आहे, तिथे ती मासळी विकायची. तिची लेक सुचिता परराष्ट्र सेवेची परीक्षा पास झाली होती. "सायबाच्या हातान असतंय, तशी बॅग दे," असे ती दुकानदाराला म्हणाली. तिला अक्षर वाचता येत नव्हते, पण जाळी विणणाऱ्या घरातली बाई ती! माझा टाका न टाका ओढून पाहिला, तेव्हा कुठे मला पसंत केले.

सुचिता निघाली त्या सकाळी कमळीने माझ्या आतल्या कप्प्यात जवळ्याची पुडी कोंबली. "परमुलखान काय खाशील गो?" असे म्हणत तिने डोळ्यांना पदर लावला. तेव्हापासून लेक गावातून निघाली की पुडी माझ्यात, हा नेमच झाला.

पुढे नॉर्वेतल्या आपल्या दूतावासात आमची नेमणूक झाली. 'आमची' म्हणते, कारण कागद सगळे मीच वाहत होते! पुडी दिल्लीतच संपली होती, वास तेवढा सोबत आला. एकदा मासळीच्या व्यापारावरची बोलणी अडून बसली होती. सुचिताने मला उघडले आणि समोरचे पांढऱ्या केसांचे अधिकारी एकदम हसले. त्यांची आजीही मासे वाळवायची म्हणे. मग तासभर दोघे वाऱ्याबद्दल आणि उन्हाबद्दलच बोलत राहिले. बोलणी दुसऱ्या दिवशी पुढे सरकली. त्याचे थोडे श्रेय मी आजही घेते.

नंतर दिल्लीत मंत्रालयात आलो. तिथे सुचिताला एक सवय लागली. कागदात चूक दिसली की समासात शेरा लिहायचा आणि खाली सही, तारीख. मोठ्या साहेबांच्या कागदावरही तिने असे शेरे मारले. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि बेलापुरात कंपन्यांना सल्ला देणाऱ्या एका ऑफिसात रुजू झाली. तिथे तिला चाकांची गुळगुळीत बॅग मिळाली. मी कपाटावर गेले. दोन पावसाळ्यांत माझ्यावर बुरशी चढली. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी त्या गुळगुळीत बॅगेची चेन तुटली. सुचिताने मला पुसले, एक अहवाल माझ्यात ठेवला आणि आईला भेटायला दिवाळ्याला गेली. एका कंपनीला गोदाम बांधायचे होते, त्याचा तो अहवाल. दुसऱ्या दिवशी तिची सही व्हायची होती.

निघायच्या वेळी कमळी नेहमीसारखी पुडी घेऊन माझ्याकडे आली. कप्प्यात जागा करायला तिने अहवाल बाहेर काढला. वरच एक फोटो होता, गवत माजलेल्या मोकळ्या जागेचा. खाली छापले होते, 'पडीक, वापरात नाही'.

"ह्यो आपला खला ना गो? हितं काय लिवलंय?"

सुचिताने वाचून दाखवले. खळे म्हणजे गावातल्या बायका जिथे जवळा वाळवतात ते अंगण. कमळी फोटोकडे बघत राहिली.

"ह्यो फोटू पावसान कारलाय. पावसान कोन जवला सुकत घालतंय? गवतच असनार! सायबाला नाय समजला, बरा. तू दिवाल्याची पोर, तुला पन नाय समजला?"

सुचिताची मान खाली गेली. तिने तो फोटो तीन वेळा पाहिला होता, कोपऱ्यातल्या जुलैच्या तारखेसकट. कमळी पुडी हातात घेऊनच आत निघून गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा मी दिवाळ्याहून रिकाम्या कप्प्याने निघाले.

सोमवारी ऑफिसचे मालक कुलदीप म्हणाले, "मॅडम, क्लायंट थांबलाय. सर्व्हेचा फोटो आहे ना? मग टेन्शन कशाला?"

"फोटो खरा आहे. महिना चुकीचा आहे," सुचिता म्हणाली. "चूक माझीपण आहे. मी त्याच खळ्यावर जवळा राखत मोठी झालेय."

"हे काम गेलं तर?"

"तर जाऊ दे. खोट्या कागदावर माझी सही नाही होणार."

तिने समासात शेरा लिहिला, 'जागा वापरात आहे. जवळा वाळवायच्या हंगामात पुन्हा पाहणी करावी.' खाली सही, तारीख. कुलदीप आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. पण डिसेंबरात पाहणी पुन्हा झाली. खळ्यावर गुलाबी जवळा पसरला होता, बायका तो हाताने परतत होत्या आणि कमळी काठी घेऊन कावळे हाकत होती. गोदामाची जागा बदलली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे एखादे जुने सामान कपाटावर पडले असेल. त्याला कधीतरी खाली काढा, पुसा, घटकाभर ऊन दाखवा. चांभाराने माझी मूठ बदलताना वास घालवायचे औषध दाखवले होते. सुचिता म्हणाली, "नको, तो राहू दे."

पाहणीनंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा दिवाळ्याला गेलो. निघताना कमळीने मला जवळ ओढले, आतला कप्पा उघडला आणि एकाऐवजी दोन पुड्या कोंबल्या.