साडेपस्तीसचा तराजू

"या तराजूचा काही भरवसा राहिला नाही!" नीलकंठसर माझ्या पारड्याशी वाकून पुटपुटले.

मित्रांनो, तो बिनभरवशाचा मीच. मी एक जुना पितळी तराजू आहे. काशीच्या ठठेरी बाजारातून सरांनी मला मंगला गौरी मोहल्ल्यातल्या आपल्या घरी आणलं आणि तीस वर्षं रविवारच्या शिकवणीला जुंपलं. सोनं कधी वाट्याला आलं नाही. आली ती गंगेची रेती.

एका डब्यात रेतीच्या लाल पुरचुंड्या असत. डाव्या कप्प्यात पस्तीस ग्रॅमच्या, उजव्यात सदतीसच्या. दिसायला सगळ्या सारख्या.

"हे क्लोरीनचे अणू," सर सांगत. "वागणं एक, वजन वेगळं. ही समस्थानिकं. निसर्गात चारांत साधारण तीन हलके, एक जड."

मग डावीकडून तीन, उजवीकडून एक माझ्यावर ठेवत. चारही मिळून भरत एकशे बेचाळीस ग्रॅम. भागिले चार, साडेपस्तीस!

"एकही अणू साडेपस्तीसचा नाही, तरी पुस्तकात वजन तेच. ज्यांची संख्या जास्त, सरासरी त्यांच्याकडे झुकते."

तेव्हा मुलं माझ्याकडे कौतुकानं बघत.

यंदा, शहाण्णव साली, उत्तर छत्तीस यायला लागलं. सर दोन्हीकडून दोन-दोन उचलत. मला दिसत होतं, मुलांनाही. पण सर "तराजू बिघडला" म्हणाले, की सगळे माना डोलवत. मी थकलो होतो. भांडायला तोंड कुठून आणू?

मित्रांनो, जुन्या वस्तूच्या माथी खापर फोडणं सोपं असतं. तिला पुसा, तेल द्या. पण आधी चूक कुणाची ते तर बघा.

त्या रविवारी मला भंगारात न्यायला कबाडीवाला दारात उभा राहिला. पुढे बसणारी कस्तुरी रडवेली झाली. "सर, एक बार और करूया ना!"

सरांनी पुन्हा दोन-दोन ठेवल्या. छत्तीस.

"बघ! मी सांगत नव्हतो?"

आतून त्यांची बायको, गीताकाकू आल्या. सहा महिने त्या सरांच्या मागून गुपचूप गॅस बंद करत होत्या, घराची किल्ली पदराला बांधून हिंडत होत्या.

"भइया, तुम जाओ," त्या कबाडीवाल्याला म्हणाल्या.

मग त्यांनी एक जड पुरचुंडी काढून हलकी ठेवली, समोरच्या पारड्यातलं दोन ग्रॅमचं वजन उचललं. माझा काटा मधोमध उभा राहिला.

काकूंनी सरांचा हात धरला.

"अहो, तराजू ठीक आहे. तुम्ही विसरायला लागलात."