डावीकडचं स्टूल

मास्तरांनी ताटातलं उजवीकडचं सगळं चाटूनपुसून संपवलं आणि डावीकडचं तसंच ठेवून चमचा खाली टाकला. मधली सीमा खडूने आखल्यासारखी सरळ होती.

"एवढंच?" उजवीकडे बसलेल्या बहिणीला ते म्हणाले. "ही घरात नसली की तू मला अर्धपोटी ठेवतेस."

'ही' त्यांच्या डाव्या हाताला, स्टुलावरच बसली होती. तिने ताट फिरवलं. उरलेलं अन्न समोर आल्यावर मास्तर खूश झाले आणि त्यांनी बहिणीला शाबासकी दिली. नणंदेने मान खाली घातली.

मास्तर शिंपी होते. आपल्याच दुकानात त्यांनी एक शर्ट फक्त उजवीकडची बाही लावून, इस्त्री करून हँगरला टांगला, त्या दिवशी आजार पहिल्यांदा दिसला. दुसरी बाही पुढच्या वर्षी का, असं विचारून गिऱ्हाईक हसलं. काज-बटणं करायला बसलेल्या बायकोला हसू आलं नाही. मास्तर त्या शर्टाकडे पुरं काम झाल्याच्या समाधानाने पाहत होते.

गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला निघाली. डोळे शाबूत होते. पण डावीकडे काही असतं, हेच मेंदू विसरला होता. ऑपरेशननंतर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, सारखं डावीकडे बसा, तिकडूनच हाक मारा, मान वळवायला लावा. बायकोने चादरीच्या डाव्या काठाला लाल पट्टी शिवली. पट्टी सापडेपर्यंत मान वळवायची आणि पट्टीच्या पलीकडे ती, असा खेळ. सुरुवातीला मास्तर जिंकायचे. तिला पाहून म्हणायचे, "इथं लपलीस होय."

पुढे मान वाटेतच थांबू लागली. आता तर डावीकडून हाक आली तरी ते उजवीकडे शोधत. "हिचा आवाज आला बघ," असं बहिणीला सांगत. ती शेजारीच आहे म्हटलं, तर त्यांना ती थट्टा वाटायची. काल ते बहिणीला हळूच म्हणाले होते, की कंटाळली असेल बिचारी, येत नाही म्हणून तिला दोष देऊ नकोस. तेव्हा बायको त्यांचा डावा पाय चोळत होती. त्या पायालाही ते कळलं नाही.

जेवणानंतर घरी येणाऱ्या सिस्टर आल्या. त्यांनी गोळ्या पाहिल्या, पाठ तपासली आणि बायकोला स्वयंपाकघरात बोलावलं. नव्या तपासणीत गाठ पुन्हा वाढलेली दिसली होती, हे तिला ठाऊक होतं. सिस्टरांनी विचारलं ते वेगळंच: तुम्ही अजून डावीकडेच का बसता?

"बाईंनी सांगितलंय. सवय मोडली तर ती बाजू कायमची जाईल."

"ते बरं होण्यासाठी होतं," सिस्टर म्हणाल्या. "आता त्यांना दिसाल तिथं बसा."

ती ओट्यावरचं पुसलेलं भांडं पुन्हा पुसत राहिली. जागा सोडणं म्हणजे काय, हे तिला पक्कं कळत होतं. डॉक्टर ते बोलले नव्हते, सिस्टरही बोलल्या नव्हत्या. ते तिने स्वतः कबूल करायचं होतं.

सिस्टर गेल्यावर ती परत डावीकडेच बसली. म्हणाली, "अहो, इकडं बघा. पट्टी शोधा." मास्तरांची मान उजवीकडे गेली. नजर बहिणीवरून दारापर्यंत फिरली आणि तिथेच राहिली. बराच वेळ ते दाराकडे बघत होते.

तिने स्टूल उचललं. पलंगाला वळसा घालून ती पलीकडे गेली. नणंद उठली, आपली खुर्ची मागे घेऊन बाहेर निघून गेली.

"आलीस?" मास्तर म्हणाले.

"आले."

"दुकानात गर्दी होती का?"

"होती ना. सोडवेना."

त्यांनी तिच्या बाहीची कड बोटांत धरली आणि कापड पारखताना चोळावं तशी चोळून पाहिली. शिवण उसवली होती.

"काढून दे," ते म्हणाले. "दोन टाके घालतो."

"देते," ती म्हणाली आणि हात तसाच त्यांच्या बोटांत राहू दिला. पलीकडे चादरीची लाल पट्टी पलंगावरून खाली घसरली होती. ती सारखी करायला ती उठली नाही.