पहिला नग

"अक्का, हा स्टिकर काढू नका हं. लेकराचे फोटो घरी जाऊन काढा, पाहिजे तेवढे."

कारखान्याच्या गेटवर माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर पिवळा गोल स्टिकर चिकटवताना जयसिंगराव अण्णा असं म्हणाले होते. मी "हो हो अण्णा" म्हटलं, आणि आत गेल्यावर वीस मिनिटांत तो नखाने काढला.

खरं तर मी घाबरट बाई. रूपश्री आठ महिन्यांची आहे. ती झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघते. दूध मनगटावर एकदा नाही, तीनदा टाकून बघते. पण मी नेहमी ताप, उलटी, उघडी गच्ची असल्याच गोष्टींवर डोळे लावून बसलेली असते. फोटोला कोण घाबरतं?

माझा नवरा महांतेश बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात कामाला आहे. चाळीसेक माणसं. तिथे गाड्यांच्या भागांचे साचे आणि त्यांतून निघणारे भाग बनतात आणि महांतेश ते बरोबर आलेत की नाही हे मोजतो. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक त्याला चालत नाही. यंदा त्यांच्याकडे एका नव्या स्पोर्ट्स कारचं काम आलं होतं. कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. गाडी अजून बाहेर आलेली नाही, तशी काही गाडी आहे हेही कंपनी कबूल करत नाही, म्हणून आत येणाऱ्या प्रत्येक फोनवर स्टिकर.

महांतेश घरीही एक अक्षर बोलायचा नाही. बोलायचा तो माझा धाकटा भाऊ अभिजीत. बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यास सोडून बाकी सगळं त्याला माहीत असतं.

"ताई, नक्की झालं! इंजिन पुढे नाही, सीटच्या मागे. मधोमध!"

"बरं मग?"

"बरं मग काय? आपल्याकडे अशी गाडी बनवणार म्हणजे चेष्टा हाय काय? भावजींना विचार की जरा."

मी जेवताना विचारायची. महांतेश आणखी एक डाव आमटी वाढून घ्यायचा. "आज छान झालीय," एवढंच.

खंडेनवमीला मात्र कारखाना सगळ्यांना उघडा असतो. तिकडे तिला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी यंत्रं बंद, बायकामुलं आत. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, हळदीकुंकू, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, दारात फोडायला कुंकू भरलेला कोहळा. मधल्या टेबलावर हिरव्या कापडावर एक काळा, वळणदार भाग ठेवला होता. त्यालाही माळ घातली होती. रूपश्री माझ्या कडेवरून त्या माळेकडे झेपावली, मूठ भरून झेंडू धरला आणि अशी हसली की मला राहवलं नाही. तिची पहिली खंडेनवमी. स्टिकर काढला, कॅमेऱ्याच्या खाली चिकटवला, एक फोटो घेतला आणि स्टिकर परत जागेवर लावला. कुणाला कळलंसुद्धा नाही.

बाहेर पडताना अण्णा एकेकाचा फोन बघत होते. माझा बघितला. मग माझ्या खांद्यावर झोपलेल्या रूपश्रीकडे बघितलं. चुरमुऱ्याची पुडी हातात दिली. "सरी अक्का, ठीक आहे. स्वल्प हळू जा, ऊन आहे."

घरी येऊन तो फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला. आईने दृष्ट काढायला सांगितलं. अभिजीतने नुसतेच सहा आगीचे गोळे पाठवले. मला वाटलं, भाचीसाठी.

पुढच्या मंगळवारी महांतेश घरी आला, तो रूपश्रीला न उचलता तसाच खुर्चीवर बसला.

"अण्णाला घरी बसवलं."

"कुठल्या अण्णाला?"

"गेटवरच्या. जयसिंगरावांना. अकरा वर्षं होते ते." त्याने फोन पुढे केला. "फोटो बाहेर गेला आतला. हे बघ."

गाड्यांच्या बातम्या देणारं कुठलं तरी पान होतं. काळा वळणदार भाग, झेंडूची माळ, त्याभोवती लाल वर्तुळ, लाल बाण. वर मोठ्या अक्षरांत पहिला पुरावा, की असंच काहीतरी. खाली शेकडो माणसं भांडत होती. हवा आत घेणारं हे तोंड दाराच्या मागे बसतं, म्हणजे इंजिन मध्येच आहे, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणे, माळ घालून फोटो काढलाय, हा सगळा बनाव. कुणीतरी त्या एका तुकड्यावरून अख्खी गाडी चितारली होती, दिवेबिवे लावून. आणि कोपऱ्यात एक पुसट गुलाबी गोळा दिसत होता, त्याच्याभोवतीही वर्तुळ काढलेलं. तो ब्रेकचा भाग असावा, गुलाबी रंगाचा, म्हणजे ही गाडीची खास आवृत्ती असणार, यावर पन्नासेक लोकांचं एकमत झालं होतं.

ती माझ्या मुलीची मूठ होती. मनगटावर काळे मणी, मध्ये एक पांढरा. सासूबाईंनी स्वतः ओवलेले. केसाचा दहावा भाग मोजणाऱ्या तिच्या बापाला ओळखू आली नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन अभिजीतला फोन लावला.

"तो फोटो तू टाकलास?"

"ताई, ऐक तरी, मी रूपूला कापलंय त्यातनं..."

"नीट कापता पण आलं नाही तुला! हात राहिलाय तिचा!"

"हाय काय? कुठे?" त्याने फोटो उघडून बघितला असावा. "आयला. तो ब्रेक?"

"एक माणूस घरी बसलाय, अभ्या. तुझ्या त्या बाणांपायी."

"मी काढतो गं. आत्ता काढतो." त्याचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला. "पण ताई, तो आता चाळीस ठिकाणी गेलाय."

त्यानंतर दोन दिवस मी गप्प बसले. हे लिहिताना लाज वाटते, पण बसले. माझं नाव सांगायचं म्हणजे महांतेशचं सांगायचं. त्याची नोकरी गेली तर काय, हे घर, दोन गल्ल्या पलीकडचे रूपश्रीचे डॉक्टर, सगळं माझ्या डोळ्यांपुढे रांगेने उभं राहिलं. आणि दुसऱ्या बाजूला एकटे अण्णा, चुरमुऱ्याची पुडी घेऊन.

गुरुवारी महांतेश म्हणाला, "बिचारे. रजिस्टरमध्ये त्यांनी सही केलीय, सगळे स्टिकर जागेवर होते म्हणून. मग साहेब म्हणतात, एक तर हा खोटं बोलतो, नाहीतर फोटो यानेच काढला. आता सिक्युरिटी एजन्सी त्यांना दुसऱ्या गेटवर पण उभं करणार नाही."

"त्यांनी काय सांगितलं?"

"काहीच नाही. टोपी काढून टेबलावर ठेवली म्हणे, आणि गेले."

तेव्हा मी रूपश्रीचा हात धरून त्याच्या फोनवरच्या त्या गुलाबी गोळ्याशेजारी ठेवला. त्याने एकदा फोनकडे बघितलं, एकदा मण्यांकडे. कितीतरी वेळ तो पांढरा मणी बोटाने फिरवत राहिला.

"उद्या मी सांगतो साहेबांना," तो शेवटी म्हणाला.

"स्टिकर मी काढला. मी येते."

कारखान्याचे मालक गिरीधर साहेब. कानडी माणूस, बोलायला तुटक. मी चिकोडीची, त्यामुळे कानडीची अडचण नव्हती. गेटवर अनोळखी माणूस होता. त्याने मान वर न करता माझ्या फोनवर स्टिकर मारला. साहेबांच्या खोलीत रूपश्रीला कडेवर घेऊन मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. खंडेनवमी, नख, भाऊ, मूठ. शेवटी म्हटलं, "अण्णांनी स्टिकर लावला होता, सर. मला बजावलं पण होतं. मीच ऐकलं नाही. जे करायचं ते आमचं करा."

महांतेश माझ्या शेजारी हात बांधून उभा होता. त्याच्या शर्टाची बाही माझ्या दंडाला लागत होती, तेवढाच आधार.

गिरीधर साहेबांनी कपाळ चोळलं. मग महांतेशला विचारलं, "टेबलावर कुठला नग होता?"

"पहिला, सर."

"हं. मोजलेला का?"

"मार्चमध्येच मोजला होता सर. नापास."

साहेब माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच सरळ बोलले. त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत आहे, ते म्हणाले. नव्या साच्यातून निघालेला पहिला नग कधी गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. तो बाजूला ठेवायचा आणि आयुधपूजेला मांडायचा. पहिला नग देवाचा. "आणि खरं सांगू का अम्मा, पहिला नग कधी बरोबर येतच नाही. त्यामुळे देवाला द्यायला सोपं जातं."

मला काही कळेना. महांतेशला आधी कळलं. बाही एकदम सैल पडली.

मार्चमधल्या त्या नगानंतर कंपनीने तो आकारच बदलला होता. साचा नवा झाला, खाचा बदलल्या, वळण बदललं. कंपनीच्या लोकांनी बाहेर गेलेला फोटो पाहिला, तेव्हा आधी त्यांचा जीव खाली-वर झाला. मग त्यांनी खाचा मोजल्या, आणि आदल्या संध्याकाळीच साहेबांना फोन करून सांगितलं, की हा तर रद्द झालेला भाग आहे, काही बिघडलेलं नाही. उलट बरं झालं. आता सगळे त्या चुकीच्या तुकड्यावरून चुकीची गाडी काढत बसलेत.

मी इतका मोठा श्वास सोडला की रूपश्री दचकून माझ्याकडे बघायला लागली.

"पण फुटलं ते फुटलं," साहेब म्हणाले. "बरोबरचा नग असता तर हा कारखाना बंद झाला असता. पुढच्या वर्षीपासून पूजेला फोन गेटवरच ठेवायचे, सगळ्यांनी. महांतेशनेसुद्धा." आणि त्यांनी फोन उचलून एजन्सीला लावला. कानडीत, तुटक. "त्या जयसिंगरावाला उद्या पाठवा. चूक त्याची नव्हती. हो, मी सांगतो ना. लिहून पण देतो."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. अण्णा गेटवर, टोपी डोक्यावर, रजिस्टर पुढ्यात. जरा वाळल्यासारखे दिसले. मी वाकून नमस्कार केला, तर ते खुर्चीतून अर्धे उठले.

"अय्यो, काय हे अक्का! लेकरू घेऊन वाकायचं नाही."

"अण्णा, माझ्यामुळे..."

"मला ठाऊक होतं की."

"काय?"

"त्या दिवशीच. बाहेर जाताना. तुमचा स्टिकर उलटा लागला होता." त्यांनी पाकिटातून एक पिवळा स्टिकर काढून दाखवला. त्यावर कारखान्याचं नाव छापलेलं असतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. "मी नाव सरळ ठेवून लावतो. सगळ्यांचे. आमच्या वडिलांना बोर्ड वाकडा दिसला की झोप यायची नाही, मला तेच लागलंय."

"मग तेव्हाच का नाही बोललात? साहेबांना तरी सांगायचं!"

"लेकरू झोपलं होतं." जणू एवढ्यात सगळं आलं. मग स्टिकर परत पाकिटात सरकवत म्हणाले, "सही मी केली होती, अक्का. आणि एका लेकराच्या आईचं नाव घेऊन मी नोकरी वाचवू? तीनशे वर्षं झाली आम्हा मराठी लोकांना या गावात येऊन. एवढं तरी राहिलंय आमच्यात."

मला रडू आलं, आणि त्याच वेळी रूपश्रीने त्यांची टोपी ओढली. ते खळखळून हसले. "ही बघा, ही तर पक्की चोर."

टोपी सरळ करताना रजिस्टर जरा सरकलं, आणि त्याखाली मला गोळ्यांचं पाकीट दिसलं. रक्तदाबाच्या. माझ्या वडिलांच्या त्याच आहेत, म्हणून ओळखल्या. वर पेनने वार लिहिलेले. त्या आठवड्यातल्या एकाही वाराची गोळी फोडलेली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, "घेतो घेतो, सरी." मी तिथेच उभी राहून एक घ्यायला लावली. नंतर रोज सकाळी महांतेश आत जाताना रजिस्टर उचलून बघायचा. मग अण्णा कुरकुरत घ्यायचे.

आता महांतेशला त्या गाडीच्या कामासाठी दोन महिने चाकणला पाठवलंय. मी रूपश्रीला घेऊन चिकोडीला आलेय. अभिजीत रविवारी येतो, भाचीचे फोटो काढतो आणि कुणालाही पाठवत नाही. खरा भाग कसा दिसतो ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. सगळं ठीक आहे. रात्री मी आता रूपश्रीचा श्वास एकदाच बघते.

पण अण्णांना फोन केला की ते एकच सांगतात, "मी बरा आहे, अक्का." स्वतःचं काही सांगायचं नसलं की हा माणूस किती गप्प बसू शकतो, ते मी बघितलंय. म्हणून तुमच्यापैकी कुणी पीण्याच्या 'दुसरी स्टेज' म्हणतात त्या भागात कामाला जात असाल, तर कमानीच्या पुढच्या गल्लीत हिरवं गेट आहे, तिथे जरा थांबा. गोळी घेतली का, असं विचारू नका, ते हो म्हणतील. रजिस्टर उचला आणि आजच्या वाराची गोळी फोडलीय का, तेवढं बघा.