मास्तरांच्या आरशावरची माळ

मी दिव्यांची माळ बोलतेय. पांढऱ्या दिव्यांची, असं निदान खोक्यावर तरी छापलं होतं. आता मी निळी पडलेय आणि हे ज्यांनी केलं त्यांनाच पत्ता नव्हता. डोकं फिरेल नाहीतर काय होईल?

खरं सांगू? माझा एकही दिवा मुळात पांढरा नाही. आत दिवा निळा, त्यावर पिवळा लेप. दोन्ही मिसळले की तुम्हाला पांढरं दिसतं. हा लेप चार दिवसांच्या हौसेपुरता. लावा, उतरवा, खोक्यात ठेवा.

शिंपीमास्तरांनी मला सुट्टीच्या दिवसांत दुकानातल्या आरशाभोवती गुंडाळलं. सुट्टी संपल्यावर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "अहो, ती माळ उतरवा आता."

"उतरवतो गं, घाई काय आहे?"

पुढची सुट्टी आली नि गेली, मी आपली तिथेच. त्यात ट्यूबलाइट गेली. घराच्या जिन्याखालचं दुकान, खिडकी नाही. शहाण्या माणसाने नवी ट्यूब आणली असती. मास्तर म्हणाले, "माळ आहे की." झालं, शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंत मी आपली जळतेय, शेजारी इस्त्रीची धग. लेप मरत गेला, आतलं निळं वर येत गेलं. रोज बघणाऱ्याला ते दिसतंय कशाला.

मग एकदा बँकेतले साहेब तपकिरी कोट घेऊन परत आले. सगळी काजं काळ्या दोऱ्याने केलेली. "मास्तर, इथे बरा दिसला. बाहेर उन्हात गेलो तर हे असं."

मास्तरांनी काजं उसवली. पुढे असं आणखी दोन गिऱ्हाइकांचं झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचं सांगितलं, तर मास्तर डॉक्टरांवरच रुसले. दुकानात येऊन काकूंना म्हणाले, "रंग कळेना झालाय मला. दुकान भाड्याने देऊन टाकू, एक भाडेकरू विचारून गेलाय."

मला राहवेना. मी जीव खाऊन लुकलुकले. काकूंनी प्लग सैल झालाय म्हणत तो घट्ट बसवला. घ्या, कपाळ माझं.

यंदाच्या सुट्टीला त्यांची मुलगी आली ती नवी माळ घेऊन. तिने ती माझ्या शेपटाला जोडली आणि म्हणाली, "बाबा, जुनी केवढी निळी झालीय."

मास्तर उठले. काळं आणि तपकिरी अशी दोन रिळं माझ्याखाली धरली, मग नव्या माळेखाली. पुन्हा माझ्याखाली. मग काकूंना हाक मारली. "अगं, जरा इकडे ये. हे दोन वेगळे दिसतायत तुला?"

"नाही बाई," काकू म्हणाल्या.

रिळं नव्या माळेखाली सरकली. "आणि आता?"

"हो, आता दिसतायत."

मास्तर ती रिळं हातात धरूनच स्टुलावर बसले. मग नाक पुसत म्हणाले, "त्या भाडेकरूला नाही म्हणून कळव."

तेव्हा मलाही रडू आलं असतं, पण कुणी माझ्याकडे बघतच नव्हतं. आता मी कापायच्या टेबलाखाली खोक्यात आहे. माझं काही मागणं नाही. फक्त एक ट्यूब आणा हो, एवढंच. सुट्टी कधीच संपली. आरशाभोवती ती नवी अजून जळतेय आणि वरून काकूंचा आवाज येतो, "अहो, ती माळ उतरवा आता."

"उतरवतो गं, घाई काय आहे?"